कुलगुरूंना खुले पत्र: भागीदारी करारात आहे, अंदाजपत्रकात कधी येणार?

मा. कुलगुरू, तसेच व्यवस्थापन परिषदेचे आणि विद्या परिषदेचे सन्माननीय सदस्य यांस,
स. न. वि. वि.

विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर ज्यांच्याशी आपण भागीदारी करता, त्या बाजूची आम्ही माणसे. आमच्यात कुणी वस्तीत आरोग्याचे काम करतो, कुणी शाळा चालवतो, कुणी पाणीपुरवठा समितीचे दप्तर सांभाळतो. आपल्या विद्यार्थ्यांना घरोघरी घेऊन जातो ते आम्ही, त्यांच्या प्रश्नावल्या लोकांना समजावून सांगतो तेही आम्ही. आणि विद्यार्थी परत गेल्यावर ‘त्या सर्व्हेचं पुढे काय झालं हो?’ या प्रश्नाला तोंडही आम्हालाच द्यावे लागते.

पत्राचे निमित्त एका विद्यापीठाचा निर्णय आहे. समुदाय-भागीदारीचा स्वतंत्र कक्ष मोडून त्याचे काम जनसंपर्क विभागाकडे सोपवण्यात आले आणि समन्वयकाचे पद वर्षावर्षाच्या कंत्राटावर टाकले गेले. विद्यापीठाचे नाव घेत नाही, कारण जिथे कक्ष शाबूत आहे तिथेही तो बहुतेक वेळा एक टेबल, एक पाटी आणि समारंभांची फाइल एवढाच उरला आहे. जनसंपर्क विभागाशी आमचे वैर नाही. पण त्यांचे काम विद्यापीठाचे नाव चांगले ठेवणे हे आहे, आणि भागीदारीत कधीतरी विद्यापीठाचे चुकले असे लिहावे लागते. एकाच माणसाकडून दोन्हींची अपेक्षा कशी करणार?

आमच्या तक्रारी अशा.

पहिली, प्रश्न कुणाचा. आमच्याकडे येणारे प्रकल्प ठरूनच येतात. विषय ठरलेला, प्रश्नावली छापलेली, नमुन्याचा आकार पक्का. आमच्याकडून हवी असते ती घरांची यादी आणि ‘सहकार्याचे पत्र’. याहून वेगळी पद्धत जगात पन्नास वर्षे चालू आहे. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात विद्यापीठांनी विज्ञान-दुकाने उघडली. तिथे प्रश्न बाहेरून येतो आणि विद्यापीठ त्यावर काम करणारा विद्यार्थी आणि मार्गदर्शक शोधते. प्रश्न घेण्यासाठी त्यांनी घातलेल्या अटी साध्या होत्या: विचारणाऱ्या गटाला संशोधनाचा खर्च परवडत नसावा, त्यामागे नफ्याचा हेतू नसावा आणि मिळालेल्या उत्तराचा उपयोग करून घेण्याची त्याची तयारी असावी. तिसरी अट आम्हाला विशेष पटते, कारण ती आम्हालाही बांधून घेते. असा स्वीकारकक्ष आपण उघडावा. आलेल्या प्रत्येक प्रश्नाला तीन आठवड्यांत लेखी उत्तर मिळावे: घेतला, बदलून घेतला किंवा घेता येत नाही, आणि का नाही. नकार चालेल. महिनोन्‌महिने पोच नसणे चालणार नाही.

दुसरी तक्रार वेळापत्रकाची. वरवर ही किरकोळ वाटेल, पण आमच्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान हिच्यामुळे होते. सत्र १६ आठवड्यांचे धरू. पहिले दोन आठवडे विषय निवडण्यात आणि गट पाडण्यात जातात. नीतिमत्ता समितीची परवानगी लागणार असेल तर आणखी तीन-चार. शेवटचे तीन सादरीकरण, परीक्षा आणि गुणांचे. हातात राहतात सात-आठ आठवडे, त्यातही आठवड्याला एक दुपार, आणि ती बहुधा शनिवारची.

याने काय होते ते पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत स्पष्ट दिसते, कारण हा विद्यार्थी प्रकल्पांचा आवडता विषय. जिवाणू तपासायचे तर बाटली निर्जंतुक हवी. पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत आधीच क्लोरीन निकामी करणारे सोडियम थायोसल्फेट घातलेले असावे लागते. नाहीतर वाटेतही क्लोरीन जिवाणू मारत राहते आणि पाणी आहे त्यापेक्षा स्वच्छ असल्याचा अहवाल येतो. नळाचा नमुना असेल तर आधी तोटीची जाळी काढायची, तोटी अल्कोहोलने पुसायची, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यायचे आणि मग बाटली भरायची. काठोकाठ भरायची नाही. वर बोटभर जागा ठेवायची, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना नीट हलवता येतो. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू द्यायचे नाही. नंतर बाटल्या बर्फाच्या पेटीत, १० अंश सेल्सिअसच्या खाली पण गोठू न देता, शक्यतो सहा तासांत आणि काही झाले तरी २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोहोचल्या पाहिजेत.

आता विद्यार्थी नमुने घेणार शनिवारी दुपारी चारला. प्रयोगशाळा रविवारी बंद. सोमवारी सकाळी दहाला बाटल्या टेबलावर येतात तेव्हा ४२ तास उलटलेले असतात. इतक्या वेळात जिवाणू वाढलेले तरी असतात किंवा मेलेले तरी, त्यामुळे येणाऱ्या आकड्याला अर्थ उरत नाही. तरी तो अहवालात छापला जातो: विहीर क्रमांक ३ दूषित. पुढच्या सत्राची तुकडी येते, तीही शनिवारीच, आणि लिहून जाते: विहीर क्रमांक ३ सुरक्षित. लोक दोन्ही कागद शेजारी ठेवून आमच्याकडे बघतात. त्यानंतर खरोखर क्लोरीन टाकायची वेळ येते तेव्हा आमचेही कुणी ऐकत नाही. विद्यार्थ्यांना प्रकल्पाचे गुण मिळालेले असतात, आमची पत मात्र गेलेली असते.

गंमत अशी की त्याच शनिवारी फ्लोराइड तपासायला घेतले असते तर काही बिघडले नसते. प्लॅस्टिकच्या बाटलीतला तो नमुना २८ दिवस टिकतो. नायट्रेटचा नमुना थंड ठेवला तर ४८ तास चालतो, म्हणजे सोमवारी सकाळी लगेच हाती घेतला तर तोही जमतो. वेळापत्रक पाहून तपासणी निवडता येते किंवा तपासणीप्रमाणे वेळापत्रक हलवता येते; फक्त सत्राआधी प्रयोगशाळा, शिक्षक आणि आम्ही एकदा एकत्र बसायला हवे. पाण्याचे जे, तेच शाळेतल्या उपक्रमांचे (आपली परीक्षा संपते तेव्हा त्यांची चालू होते) आणि शेतीच्या पाहण्यांचे, ज्या पीक उभे असताना करायच्या त्या काढणीनंतर होतात.

म्हणून मागणी अशी: क्षेत्रकार्याचा प्रकल्प एका सत्राचा नसावा, किमान दोन सलग सत्रांचा असावा. पहिल्या तुकडीने दुसरीला काम सोपवताना एक पानी हस्तांतर-नोंद द्यावी: काय झाले, काय राहिले, कुणाशी बोलायचे, कोणते आकडे विश्वासार्ह नाहीत. सत्र सुरू होण्याच्या आठ आठवडे आधी संयुक्त नियोजन-बैठक व्हावी, आणि त्या बैठकीशिवाय क्षेत्रकार्याला मंजुरी मिळू नये.

तिसरी, पैसा. यावर आपल्याकडे बोलणे अवघड होते. समाजकार्यात पैशाचे काय, असा सूर लागतो. तेव्हा साधा हिशेब मांडतो. ३० विद्यार्थ्यांची तुकडी, पाच गट. प्रत्येक गटाबरोबर आठवड्याला दोन तास आमचा माणूस, म्हणजे आठवड्याला १० तास, आठ आठवड्यांचे ८०. आधीची ओळख-बैठक, घरांची यादी आणि परवानग्या यांचे १०. शेवटी अहवालाचा मसुदा वाचून चुका दाखवण्याचे १०. झाले १०० तास. आठवड्याला ४० तास धरले तर एका पूर्णवेळ कार्यकर्त्याचे अडीच आठवडे, आणि तेही एका विभागाच्या एका तुकडीसाठी. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात प्राध्यापकांचा प्रवास असतो, उपकरणे असतात, समारोपाची कार्यशाळा असते, विद्यापीठाचा प्रशासकीय खर्च असतो. या १०० तासांना रकाना नसतो.

विद्यापीठाला इमारत, वीज, हिशेबनीस यांचा खर्च अनुदानातून कापून घेता येतो, तसा खर्च आम्हालाही असतो. अमेरिकेत संघीय अनुदानाच्या नियमांत याची सोय आहे: ज्या संस्थेचा अप्रत्यक्ष खर्चाचा दर वाटाघाटीने ठरलेला नाही, तिला एक सरसकट दर लावता येतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याची मर्यादा १० वरून १५ टक्क्यांवर गेली. लहान संस्थेलाही छप्पर लागते, एवढेच त्या नियमाने कबूल केले आहे. आम्ही वेगळे काही मागत नाही.

पैसे मंजूर झाले तरी ते हातात पडेपर्यंतची वाट निराळीच. आधी पुरवठादार म्हणून नोंदणी करा, तीन दरपत्रके आणा, खर्च पदरचा करा, मूळ पावत्या जोडा आणि परताव्याची वाट बघा. प्रयोगशाळेसाठी काचसामान घेताना ही पद्धत ठीक आहे. पण तीन दिवस उन्हातून फिरून विद्यार्थ्यांसाठी दुभाष्याचे काम केलेल्या बाईंची तीन दरपत्रके आम्ही कुठून आणायची? लेखा विभागाला याचे उत्तर विचारले की ‘नियमात बसवा’ असे सांगून आमची बोळवण होते. तेव्हा नियमच बदला. मंजूर रकमेतली निम्मी काम सुरू होण्यापूर्वी आणि उरलेली काम संपल्यापासून ३० दिवसांत द्या. व्यक्तीला द्यायच्या मानधनासाठी दरपत्रकाची अट काढा, हजेरीपत्रक आणि सही पुरेशी माना. आणि स्थानिक सहसंशोधकाचा तासाचा दर अतिथी व्याख्यात्याच्या दरापेक्षा कमी ठेवायचा असेल तर त्याचे कारण लेखी द्या. आम्हाला ते वाचायला आवडेल.

चौथी, माहिती. लोक आपल्या घरातले सांगतात ते आमच्या तोंडाकडे बघून, आणि सांगितलेले कुठे जाते हे मात्र आम्हालाच कळत नाही. याचे टोक कुठे जाते ते ग्रँड कॅन्यनमधल्या हवासुपाय जमातीच्या प्रकरणात दिसले. १९९० पासून अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी या लोकांच्या रक्ताचे नमुने घेतले. काम मधुमेहावर चालले आहे अशी लोकांची समजूत होती. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, रक्तसंबंधातले विवाह आणि पूर्वजांचे स्थलांतर यांच्या अभ्यासासाठी वापरले गेले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये तडजोड झाली: ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर आणि उरलेले नमुने परत. कॅनडातल्या मूळ रहिवाशांनी १९९८ मध्येच माहितीची मालकी, नियंत्रण, वापर आणि ताबा आपल्याकडे राहावा अशी चार तत्त्वे मांडली. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली. लोकांना आपले नियम आपणच लिहावे लागतात, यावरून विद्यापीठांच्या नीतिमत्ता समित्यांवर त्यांचा किती भरवसा आहे हे कळते.

आमच्याकडची दुखणी इतकी मोठी नाहीत, पण रोजची आहेत. संमतीपत्र चार पानी, कायद्याच्या भाषेत. त्यावर अंगठा घेतला जातो आणि त्याला संमती म्हटले जाते. एकाच वस्तीत एका वर्षात समाजशास्त्र, पोषणशास्त्र आणि नगररचना असे तीन विभाग येतात. तिघांनाही घरात माणसे किती आणि शौचालय आहे का हेच विचारायचे असते, आणि तिघांना एकमेकांचा पत्ता नसतो. अहवालाच्या तक्त्यात नावे काढलेली असतात, पण ‘एक विधवा, दोन मुले, शिवणकाम’ एवढे लिहिल्यावर छोट्या वस्तीत नाव लपत नाही.

यावर उपाय महाग नाहीत. संमतीपत्र एका पानाचे असावे, मोठ्याने वाचून दाखवावे आणि ‘नको’ म्हणण्याची जागा ‘हो’च्या आधी असावी. विद्यापीठाने सर्व विभागांची मिळून सर्वेक्षणांची एकच नोंदवही ठेवावी. बारा महिन्यांत एका घराला एकापेक्षा जास्त वेळा प्रश्नावली जाऊ नये आणि ती २० मिनिटांपेक्षा लांब नसावी. पाचपेक्षा कमी घरांचा कोणताही आकडा तक्त्यात स्वतंत्र छापू नये. काम संपल्यापासून ६० दिवसांत दोन पानी निष्कर्ष लोकांच्या भाषेत यावेत आणि बैठकीत वाचून दाखवावेत. नावे वगळलेली मूळ माहिती आमच्याकडेही राहावी. छापण्यापूर्वी मसुदा ३० दिवस आमच्याकडे यावा, तथ्यांतल्या चुका दुरुस्त करण्यासाठी. निष्कर्ष आवडला नाही म्हणून तो दाबण्याचा हक्क आम्ही मागत नाही, आणि कुणी मागितला तर आपण तो देऊही नये.

पाचवी, माणूस. भागीदारी कागदावर दोन संस्थांची असते, चालते ती एका समन्वयकाच्या जोरावर. कोणत्या वस्तीत कुणाला आधी फोन करायचा आणि कोणत्या दोन गटांना एका बैठकीत बसवायचे नाही, हे कुठल्याही फाइलीत नसते. तो माणूस वर्षाने बदलला की आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अमेरिकेतली कृषी विस्तार सेवा इथे पाहण्यासारखी आहे. १८६२ च्या मॉरिल कायद्याने दिलेल्या जमिनींच्या जोरावर तिथली महाविद्यालये उभी राहिली (त्या जमिनी मूळ रहिवाशांकडून काढून घेतलेल्या होत्या, हेही विसरू नये) आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने विस्तार सेवा आली. तिची खुबी पैशाच्या रचनेत आहे: संघ सरकार, राज्य आणि काउंटी (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) यांचा वाटा. अधिकारी विद्यापीठाचा, कार्यालय काउंटीत. खर्चात काउंटीचा पैसा असल्याने काउंटी त्याला जाब विचारू शकते. आमची मागणी त्या मानाने फार छोटी आहे: समन्वयकाचे पद किमान पाच वर्षांचे असावे, निवड समितीत निम्मे सदस्य आमचे असावेत आणि तो आठवड्यातले दोन दिवस कुंपणाबाहेर बसावा.

सहावी, बढतीचे नियम. एखाद्या प्राध्यापिकेने दोन वर्षे खपून वस्तीतल्या आरोग्य-नोंदींची पद्धत बसवून दिली तर तिच्या बढतीच्या अर्जात ते ‘इतर उपक्रम’ या सदरात जाते, परिसंवादाच्या सूत्रसंचालनाच्या शेजारी. मग चांगले शिक्षक दोन वर्षांनी हा नाद सोडतात, आणि आम्ही त्यांना दोष देऊ शकत नाही. अमेरिकेतल्या कार्नेगी फाउंडेशनने २००६ पासून सुरू केलेल्या समुदाय-सहभाग वर्गीकरणाच्या अर्जात विद्यापीठाला थेट विचारले जाते: बढतीच्या धोरणात अशा कामाला स्थान आहे का? आपणही स्वतःला हे विचारावे.

विद्यापीठाच्या आवाराबद्दल आणि प्रकल्प संपल्यावर वस्तीत मागे सोडलेल्या यंत्रांबद्दल थोडक्यात. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने सार्वजनिक बागेत व्यायामशाळा बांधायला घेतली. शेजारच्या हार्लेम या बहुतांश कृष्णवर्णीय वस्तीतल्या रहिवाशांना तिचा थोडा भाग आणि खालच्या अंगाचे वेगळे दार मिळणार होते. आंदोलन पेटले आणि बांधकाम सोडून द्यावे लागले. आपल्या आवारात वेगळे दार नसेल, पण ग्रंथालयाच्या फाटकावर ओळखपत्र मागितले जाते आणि सभागृहाच्या आरक्षणासाठी विभागप्रमुखाची शिफारस लागते. करारात ‘सुविधांचा परस्पर वापर’ असे कलम असेल तर फाटकावरच्या सुरक्षारक्षकालाही ते कुणीतरी सांगा. यंत्रांचे म्हणाल तर उद्घाटनाच्या पाटीवर विद्यापीठाचे नाव राहते, पाणी गाळण्याच्या यंत्राचा पडदा बदलण्याची वेळ मात्र आमच्यावर येते. देखभालीचा खर्च, सुटे भाग कुठे मिळतील आणि यंत्र बंद पडल्यास ते कुणी उचलून न्यायचे, हे लेखी नसेल तर यंत्र आणू नका.

या सगळ्याच्या वर दोन मागण्या. जिथे कक्ष जनसंपर्क विभागाकडे वर्ग झाला आहे तिथे तो निर्णय मागे घ्यावा. आणि एक संयुक्त भागीदारी समिती नेमावी: ११ सदस्य, त्यांतले सहा स्थानिक संस्थांचे, कार्यकाल तीन वर्षांचा, आणि भागीदारीच्या अंदाजपत्रकावर समितीला मताचा अधिकार. सल्लागार समिती नको. तशा समित्यांवर आम्ही आधीच बसलेलो आहोत, चहा चांगला असतो. करार मोडायचा असेल तर कोणत्याही बाजूने ९० दिवसांची लेखी सूचना द्यावी आणि चालू कामांचे काय करायचे याची यादी तिला जोडलेली असावी.

आमच्याही अंगावर काही जबाबदाऱ्या येतात. नियोजन-बैठकीला निर्णय घेऊ शकणारा माणूस पाठवणे, मिळालेल्या रकमेचा हिशेब वेळेत देणे, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेची काळजी घेणे आणि मसुदा ३० दिवसांत वाचून परत करणे, हे आम्ही लेखी मान्य करायला तयार आहोत. उशीर झाला तर मसुदा मान्य आहे असे समजावे.

विद्या परिषद पुढच्या सत्राचे वेळापत्रक मंजूर करते त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे पत्र घ्यावे आणि आमच्या दोन प्रतिनिधींना तिथे बोलू द्यावे. निर्णय होईपर्यंत आम्ही नव्या सामंजस्य करारांवर सह्या करणार नाही आणि सहकार्याची पत्रे देणार नाही. चालू प्रकल्पांतल्या विद्यार्थ्यांचे काम मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण करून देऊ. त्यांचे गुण अडवून आपल्याशी बोलणी करण्याचा आमचा विचार नाही.

आपले,
स्थानिक भागीदार संस्थांचे कार्यकर्ते